वडिलांची नोकरी गेल्यावर अभियांत्रिकीच्या उरलेल्या शुल्कासाठी जास्तीची मदत कशी मागावी?

प्रश्न : तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, खानापूर तालुका

सर्वांना नमस्कार. मी बेळगावातील एका खासगी महाविद्यालयात अभियांत्रिकीच्या पाचव्या सत्रात शिकते. माझा प्रवेश सीईटीतून सरकारी कोट्यातील जागेवर झालेला आहे. माझे वडील उद्यमबागेतील एका फाउंड्रीत बावीस वर्षे फेटलिंग खात्यात, म्हणजे ओतीव भागांच्या कडा घासण्याच्या कामाला होते. गणपती विसर्जनानंतरच्या सोमवारी, ऑर्डर कमी झाल्याचे कारण सांगून त्यांना आणि त्यांच्या पाळीतील आणखी काही जणांना घरी पाठवण्यात आले. त्यांचा पगार महिना २०,५०० रुपये होता. आई गावातच ब्लाउज आणि परकर शिवते, आणि लहान बहीण यंदा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (बारावीला) आहे.

माझे यंदाचे एकूण शुल्क ९६,००० रुपये असून त्यातील ३०,००० आम्ही भरले आहेत. उरलेले ६६,००० रुपये परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी भरावेत, अशी सूचना फलकावर लागली आहे. आम्ही मागासवर्गांच्या ३ब प्रवर्गात येतो. पहिल्या वर्षी काढलेल्या जात-उत्पन्न दाखल्यावर २,९०,००० रुपये असा आकडा आहे आणि त्यामुळे शुल्क सवलतीचा माझा अर्ज तेव्हा नामंजूर झाला होता. हा दाखला पाच वर्षे ग्राह्य असतो, असे सांगतात. मग घरातला पगार थांबला असला तरी एसएसपी (राज्य शिष्यवृत्ती) पोर्टलवर तोच जुना आकडा धरला जाणार का? आणि महाविद्यालयाकडे सवलत मागायची झाल्यास अर्जात नेमके काय लिहावे?

आणखी एक अडचण आहे. ही गोष्ट महाविद्यालयात कळू नये, असे वडिलांना वाटते. दुसरीकडे काम लागेपर्यंत उसनवारी करू, असे ते म्हणतात. त्यांचे मन न दुखावता मला हे करायचे आहे.

उत्तर : निवृत्त लिपिक, बेळगाव

ताई, महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीच्या टेबलावर माझी बरीच वर्षे गेली, म्हणून आधी तुमच्या दाखल्याविषयी लिहितो. दाखला पाच वर्षे चालतो, याचा अर्थ तो पाच वर्षे बदलता येत नाही असा नव्हे. एसएसपीच्या अर्जात दाखल्यावरचा आर.डी. क्रमांक टाकला की उत्पन्नाचा आकडा आपोआप येतो आणि तो तुम्हाला किंवा महाविद्यालयाला हाताने बदलता येत नाही. त्यामुळे नव्या उत्पन्नाचा नवा दाखला काढून त्याचा आर.डी. क्रमांक देणे, एवढाच मार्ग उरतो. त्यासाठी तुमच्या होबळीच्या नाडकचेरीत (गावांच्या गटासाठीच्या महसूल कार्यालयात) वडिलांनी स्वतः जावे. नोकरी कोणत्या तारखेला संपली हे दाखवणारा कागद, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, रेशनकार्ड, आधारकार्ड आणि जुना दाखला सोबत न्यावा. अर्ज पुढे तलाठ्यांकडे चौकशीला जातो. तलाठी घरी किंवा चावडीत विचारणा करतील तेव्हा वडिलांचा जबाब कन्नडमध्ये लिहिला जाईल. तो त्यांना वाचून दाखवायला सांगावा आणि मगच सही करावी. आईच्या शिवणकामाचे उत्पन्न मात्र लपवू नका. ते धरूनही आकडा पुष्कळ खाली येईल, आणि खरा आकडा लिहिलेला असला की पुढे कोणी शंका काढली तरी घाबरण्याचे कारण राहत नाही.

मागासवर्ग कल्याण खात्याच्या योजनांची उत्पन्नमर्यादा प्रवर्गानुसार आणि योजनेनुसार वेगळी असते. म्हणून नवा दाखला हाती येताच यंदाची अधिसूचना उघडून ३ब समोरचा आकडा स्वतः वाचा. पोर्टलची अंतिम तारीख जवळ येईपर्यंत थांबू नका, कारण कागदपत्रांचे ई-दृढीकरण (ऑनलाइन साक्षांकन) करून घेण्यात आणि बँक खाते आधारशी जोडले आहे की नाही हे तपासण्यातच पुष्कळांचे दिवस जातात. पैसे मंजूर होऊनही खाते जोडलेले नसल्यामुळे ज्यांना ते मिळाले नाहीत अशी मुले मी दर वर्षी पाहिली आहेत.

आता महाविद्यालयाकडच्या अर्जाविषयी. ‘आमची परिस्थिती अत्यंत बिकट आहे, तरी कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ असे अर्ज माझ्या टेबलावर गठ्ठ्याने येत. त्यांतला एकही खोटा नसे, पण प्राचार्यांनी त्यावर काय शेरा मारावा हे त्यातून कळत नसे. अर्जात तारीख हवी, आकडे हवेत आणि मागणी एकच पण नेमकी हवी. साधारण असे लिहावे : ‘माझ्या वडिलांची नोकरी अमुक तारखेस संपली. तोपर्यंत घरात दरमहा २०,५०० रुपये पगार येत असे. आता आईच्या शिवणकामाचे सरासरी इतके रुपये येतात. यंदाच्या ९६,००० रुपयांपैकी ३०,००० भरले आहेत. उरलेल्या ६६,००० पैकी १५,००० रुपये मी या महिनाअखेर भरू शकते. बाकी रक्कम शिष्यवृत्तीचा निकाल लागेपर्यंत हप्त्यांनी भरण्यास आणि त्यामुळे परीक्षेचा अर्ज न अडवण्यास परवानगी मिळावी. संस्थेच्या विद्यार्थी साहाय्य निधीतून काही सवलत शक्य असल्यास माझा विचार व्हावा.’ सोबत चार सत्रांच्या गुणपत्रिका आणि नोकरी संपल्याचा कागद जोडावा. शुल्काची फोड मागून घ्यावी, कारण शिकवणी शुल्क आणि विद्यापीठाचे शुल्क यांत संस्थेला हात घालता येत नाही अशी काही रक्कम असते, पण संस्थेचे स्वतःचे इतर आकार व्यवस्थापनाच्या अधिकारात असतात. सवलत मिळते ती बहुधा तिथेच. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये.

वडिलांच्या बाबतीत एवढेच सांगतो की हा अर्ज प्राचार्य, लेखापाल आणि लिपिक या तिघांच्या नजरेखालून जातो. तो सूचनाफलकावर लागत नाही. उसनवारी केली तर मात्र गावातल्या दहा जणांना कळेल.

उत्तर : उद्यमबागेतील कामगार कार्यकर्ता

मुली, वरच्या काकांनी दाखल्याचे सविस्तर सांगितले आहे, म्हणून मी त्यात शिरत नाही. ‘नोकरी संपल्याचा कागद’ असे दोनदा लिहिले गेले आहे, त्या कागदाविषयी मला काळजी वाटते. वडिलांना कंपनीने काय दिले आहे, ते आज रात्रीच घरी बसून नीट वाच. आमच्याकडे काम कमी झाले की पुष्कळ ठिकाणी कामगाराला कार्यालयात बोलावून छापील कागदावर सही घेतात आणि हिशेब लवकर होईल असे सांगतात. कागदावर मात्र ‘मी घरगुती कारणाने स्वखुशीने राजीनामा देत आहे’ असे असते. तो इंग्रजीत असतो, आणि बावीस वर्षे कास्टिंगची कड घासलेल्या माणसाला त्या वेळी तो कोणी समजावून सांगत नाही.

कामगाराला कमी करणे आणि कामगाराने राजीनामा देणे यांत कायद्याने मोठा फरक आहे. कपात असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी एक महिन्याचा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई मिळावी लागते. राजीनामा असेल तर हे दोन्ही हातचे जाते. ग्रॅच्युइटी मात्र पाच वर्षे सेवा झालेली असल्यास राजीनाम्यानंतरही मिळतेच. तिचा हिशेब मूळ पगार अधिक महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे असा असतो. समज, वडिलांचा मूळ पगार आणि भत्ता मिळून १३,००० असेल, तर वर्षाला ७,५०० प्रमाणे बावीस वर्षांचे १,६५,००० रुपये होतात. ही रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते. तुमचे ६६,००० रुपये कुठून आणायचे याचा विचार करताना ही हक्काची रक्कम आधी धरा.

दुसरी गोष्ट ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची. पगार २१,००० च्या आत असल्यामुळे वडिलांचे ईएसआय कापले जात असणार. नोकरी गेलेल्या विमाधारकाला अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत ९० दिवसांपर्यंत सरासरी दैनिक कमाईच्या निम्मी रक्कम मिळू शकते. तुमच्या वडिलांच्या पगारावर ती तीन महिन्यांची मिळून ३० हजारांच्या आसपास जाईल. ही मदत आयुष्यात एकदाच मिळते आणि योजनेची मुदत सरकार वेळोवेळी वाढवत असते, म्हणून ईएसआयच्या शाखा कार्यालयात ती चालू असल्याची खात्री करून मगच कागद जमवा. कपात किंवा कारखाना बंद पडणे अशा कारणांसाठी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना वेगळी आहे. तिचीही तिथेच चौकशी करावी. या सर्व ठिकाणी ‘स्वेच्छेने नोकरी सोडली’ अशी नोंद आडवी येते. म्हणून सही झाली नसेल तर ती करू देऊ नका. सही झालीच असेल, तर ती कोणत्या परिस्थितीत घेतली गेली हे तारीख-वेळेसह लिहून कामगार अधिकाऱ्यांकडे विनाविलंब तक्रार द्या. त्याच दिवशी घरी पाठवलेले इतर जण सोबत असतील तर तक्रारीला वजन येते.

कंपनी कोणताच कागद देत नसेल, तर पीएफच्या सदस्य पोर्टलवर सेवेचा तपशील उघडून त्यात नोकरी संपल्याची तारीख भरली आहे का ते पाहा. भरली असेल तर त्या पानाची प्रत काढून नाडकचेरीत आणि महाविद्यालयात, दोन्हीकडे जोडा.

मूळ प्रश्नकर्ती

काका, तुमचे उत्तर वाचल्यावर मी वडिलांना विचारले. ते बराच वेळ गप्प बसले, आणि मग त्यांनी कपाटातल्या कपड्यांच्या घडीखालून एक पिवळे पाकीट काढून दिले. त्यात तुम्ही लिहिले आहे तसाच कागद होता. इंग्रजीत तीन ओळी, खाली वडिलांची सही, आणि तारखेच्या जागी दुसऱ्याच्या हातचा निळ्या शाईतला आकडा. वडील मराठी सातवीपर्यंत शिकले आहेत. ती हिशेबाची पावती आहे, असे समजून त्यांनी सही केली होती. मी तो कागद त्यांना मराठीत वाचून दाखवला. ‘मी तर राजीनामा दिलाच नाही,’ एवढेच ते बोलले. त्यानंतर महाविद्यालयात सांगायला त्यांनी स्वतःहून होकार दिला. त्यांच्याबरोबरच्या आणखी तिघांकडे तसलेच कागद निघाले असून चौघे मिळून शुक्रवारी कामगार खात्याच्या कार्यालयात जाणार आहेत.

आता मला विचारायचे आहे की ही रक्कम हाती येईपर्यंत शैक्षणिक कर्ज काढावे का. तिसऱ्या वर्षात कर्ज मिळते का, आणि वडिलांना पगार नसताना बँक देईल का?

उत्तर : निवृत्त बँक अधिकारी, निपाणी

शैक्षणिक कर्ज अभ्यासक्रमाच्या मध्यावरही मिळते. उरलेल्या सत्रांचे शुल्क, पुस्तके आणि लागणारे साहित्य यांपुरते ते मागता येते. आमच्या निपाणीत तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या आयांच्या मुलांची अशी कर्जे मी मंजूर केलेली आहेत, त्यामुळे पालकाला नियमित पगार नाही म्हणून अर्जच करू नये, हा समज मनातून काढून टाका. हे कर्ज मुख्यतः विद्यार्थ्याच्या पुढच्या कमाईवर दिले जाते. पालक सहकर्जदार म्हणून सही करतात. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचे नसते. तुमची गरज दोन वर्षांची मिळून त्याच्या आतच बसेल. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते.

तुमच्यासाठी महत्त्वाचे आहे ते व्याज. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असून संस्थेला नॅकचे किंवा अभ्यासक्रमाला एनबीएचे मूल्यांकन असेल, तर शिक्षणाचा काळ आणि त्यापुढचे एक वर्ष यांचे व्याज केंद्र सरकार भरते. ही सवलत आपोआप लागू होत नाही. कर्ज घेतानाच उत्पन्नाचा दाखला शाखेत देऊन ती मागावी लागते. मागितली नाही म्हणून चार वर्षांचे व्याज अंगावर घेतलेली कुटुंबे मला ठाऊक आहेत, आणि त्याचे वाईट वाटते. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करावा, म्हणजे त्याची नोंद राहते. शाखेने तोंडी नकार दिला तर नकाराचे कारण लेखी मागावे.

तरीही माझे मत असे की कर्जाआधी महाविद्यालयाचे हप्ते, मग शुल्क सवलत, मग ग्रॅच्युइटीतील काही भाग, आणि त्यानंतरही कमी पडेल तेवढ्यापुरतेच कर्ज, हा क्रम ठेवावा. वडिलांची सगळी ग्रॅच्युइटी किंवा पीएफ शुल्कात घालू नका. पन्नाशीच्या माणसाला दुसरे काम लागायला किती महिने जातील हे सांगता येत नाही, आणि तोवर घर चालले पाहिजे.

खासगी शिष्यवृत्त्यांपैकी एचडीएफसी बँकेच्या परिवर्तन उपक्रमातील शिष्यवृत्ती तुम्ही नक्की पाहावी, कारण गेल्या तीन वर्षांत घरावर आलेल्या संकटाचा तिथे वेगळा विचार केला जातो. उत्पन्न अडीच लाखांच्या आत आणि आधीच्या परीक्षेत ५५ टक्के गुण असावे लागतात. व्यावसायिक पदवीला ५०,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. त्यासाठीही तुमचा नवा दाखलाच उपयोगी पडेल. वडिलांच्या नावे शेतीचा उतारा असेल आणि शेतकऱ्यांच्या फ्रूट्स पोर्टलवर नोंदणी झालेली असेल, तर शेतकऱ्यांच्या मुलांसाठीच्या रयत विद्यानिधी शिष्यवृत्तीचीही चौकशी करा. २०२१ साली ही योजना सुरू झाली तेव्हा अभियांत्रिकीच्या मुलीला वर्षाला ११,००० रुपये ठरले होते.

बहिणीचाही विचार आताच करून ठेवा, कारण काही दारे फक्त पहिल्या वर्षी उघडी असतात. तंत्रशिक्षण परिषदेची मुलींसाठीची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपयांची आहे, उत्पन्नमर्यादा आठ लाख आहे आणि ती एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत मिळते. पण अर्ज प्रवेशाच्या पहिल्याच वर्षी करावा लागतो. सीईटीच्या जागावाटपात शिकवणी शुल्क माफ असलेल्या पाच टक्के अधिसंख्य (नेहमीच्या जागांखेरीज जादा) जागाही असतात. ती पसंती विकल्प भरतानाच नोंदवावी लागते. आणि तुमचे गाव सीमावादातील ८६५ गावांच्या यादीत असेल, तर महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या प्रकारातूनही तिला अर्ज करता येईल. पण कोल्हापुरात राहण्याचा आणि जेवणाचा खर्च धरून मगच ते ठरवावे. बेळगावात शिकली तर महिलांच्या मोफत बसप्रवासाच्या शक्ती योजनेमुळे खानापूरहून सरकारी बसने येण्याजाण्याला तिला पैसे पडत नाहीत, हीही महिन्याची बचतच आहे.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल मी आणि वडील दोघे मिळून प्राचार्यांना भेटलो. अर्ज वाचून त्यांनी वडिलांना बसायला सांगितले, किती वर्षे नोकरी झाली ते विचारले, आणि १५,००० आता व बाकी तीन हप्त्यांत भरण्यास परवानगी दिली. परीक्षेचा अर्ज अडवू नये, असा शेराही त्यांनी अर्जावरच लिहिला. साहाय्य निधीचा निर्णय पुढच्या महिन्यातील बैठकीत होईल. आवक क्रमांकाची प्रत मी जपून ठेवली आहे.

नाडकचेरीत मात्र एक अडचण आली. वडिलांच्या आधारकार्डावर त्यांच्या नावाचे स्पेलिंग ‘जोतिबा’ असे वाचले जाईल असे आहे, माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘ज्योतिबा’ आहे, आणि रेशनकार्डावर कन्नडमध्ये आडनावाऐवजी आजोबांचे नाव आले आहे. अर्ज तिथेच थांबला आहे.

उत्तर : निवृत्त लिपिक, बेळगाव

आपल्या भागात मराठी नाव आधी कन्नडमध्ये आणि मग इंग्रजीत उतरते, त्यामुळे हे घरोघरी झालेले आहे. तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या आणि त्याच्या तीन मूळ प्रती काढा, कारण नाडकचेरी, बँक आणि महाविद्यालय या तिन्ही ठिकाणी ते मागतील. नवा दाखला आधारकार्डावरील अक्षरांप्रमाणेच काढायला सांगा. तुमचे स्वतःचे नाव आधारवर आणि गुणपत्रिकेवर अक्षरशः एकसारखे आहे का, तेही आजच पाहा. एसएसपी पोर्टल विद्यार्थ्याचे नाव आधारशी ताडून बघते, आणि तिथे चूक असेल तर ती आधार केंद्रात दुरुस्त करून यायला आणखी दिवस लागतील. शक्य तर सोमवारी सकाळी दहाच्या आत जा. दुपारनंतर तलाठी गावफेरीवर निघालेले असतात.